शुक्रवारची सुट्टी

आयटीआय संपवून जयश्री तलासरीच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागली आणि तिच्या कॉम्प्युटरवरच्या गेमची पार वाट लागली. संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही. सुट्टी शुक्रवारी, आणि तीही का, तर शुक्रवारी दिवसभर सगळीकडची वीज जायची म्हणून! वेळ मिळे तेव्हा कॉम्प्युटर मेलेला. नुसता वैताग.

मग तिच्या डोक्यात आलं, वीज जाते ती आपल्याकडे. हद्दीपलीकडे गुजरातेत थोडीच जाते? पुढच्याच शुक्रवारी तिने हायवेवर बस पकडली आणि थेट भिलाडचा सायबर कॅफे गाठला.

आत पहिल्याच खुर्चीवर तिचे सुपरवायझर काशीनाथ सर! रोज तिला बजावायचे, "ते गेमचं खूळ सोड. मशिनला हात लावण्याआधी काय शोधायचं? थांबवायचं बटण!" आणि आता पडद्यावर त्यांचीच गाडी भिंतीला धडकांवर धडका देत होती.

जयश्रीला बघून सर ओशाळले, पण गाडी काही थांबेना.

"अगं, ब्रेक कुठेय याचा?"

जयश्रीने शांतपणे शेजारची खुर्ची ओढली.

"सर, हात लावण्याआधी काय शोधायचं?"