अकराव्या प्रश्नाचं उत्तर

मी अर्ज बोलतोय. आरोग्यविम्याचा, चार पानी, आतबाहेर बारीक अक्षरांनी भरलेला. परीक्षेच्या पेपरला मुलं घाबरत नसतील, इतकी मोठी माणसं मला घाबरतात.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे पाचशे भाऊ एकाच गठ्ठ्यात होते. मी आलो एका विमेवाल्याच्या बॅगेत. परदेशात येऊन पडलेल्या आपल्या माणसांना तो त्यांच्याच भाषेत विमा समजावून सांगायचा. जिभेवर साखर, पायाला भिंगरी. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता.

एका शनिवारी सकाळी त्यानं मला पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात टेबलावर ठेवलं. घरात तिघं राहत. बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. बायको आणि आठ वर्षांची मुलगी सहा महिन्यांपूर्वीच त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. मुलीच्या तोंडाला खंड नसायचा, म्हणून घरात तिला रेडिओ म्हणत. बापाचा विमा त्याच्या कंपनीनं उतरवलेला होता, पण या दोघींचा त्यालाच उतरवायचा होता. विमा नाही, तर त्यांच्या राहण्याच्या परवान्याला मुदतवाढ नाही. परवाना संपायला वीस दिवस उरले होते.

"भाऊ, ही मोठी योजना," विमेवाला म्हणाला. "सगळं येतं हिच्यात, पण हप्ता भरता भरता कंबर मोडेल. ही छोटी. परवान्यापुरती पुष्कळ झाली. दवाखाने मात्र ठरलेले, आणि जुन्या दुखण्याला दोन वर्षं काही मिळत नाही."

"आणि नव्या दुखण्याला?" बायकोनं विचारलं.

"लगेच, वहिनी. पहिल्या दिवसापासून."

"नवं म्हणजे, विमा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं?"

"अगदी बरोबर. वहिनी हुशार आहेत हं, भाऊ!"

दोघे पुरुष हसले. ती हसली नाही. तिनं माझा कोपरा इतका घट्ट धरला होता की तो मुडपला.

मंगळवारी घ्यायला येतो, असं सांगून विमेवाला गेला.

सोमवारी दुपारी ती एकटीच घरी होती. पेन्सिल घेऊन मला भरायला बसली. नावं, जन्मतारखा, उंची, वजन. भराभर चाललं होतं. मग अकरावा प्रश्न आला. कुटुंबातल्या कुणाला सध्या कुठे गाठ, सूज किंवा दुखणं आहे का, डॉक्टरांना दाखवलेलं नसलं तरी? हे शेवटचे शब्द सगळ्यात बारीक अक्षरात आहेत. का, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. समोर दोन चौकोन, हो आणि नाही.

तिनं 'हो'वर खूण केली. बराच वेळ बघत बसली. मग रेडिओच्या कंपासपेटीतलं खोडरबर आणून ती खूण पुसली. 'नाही'वर केली. तीही पुसली. पुन्हा 'हो'. पुन्हा खोडरबर. माझी कातडी सोलवटायला लागली तेव्हा फोन वाजला. गावाहून तिची थोरली बहीण बोलत होती.

"दाखवलंस का गं?"

"नाही, ताई. आत्ता दाखवलं तर ते जुनं दुखणं ठरतं. एकदा विमा होऊ दे. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुझे थोडे दिवस चार महिने चाललेत. गाठ काय तारीख वार बघून वाढते?"

"हळू बोल," ती म्हणाली. घरात दुसरं कुणीही नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिनं 'नाही'वर ठसठशीत खूण केली आणि मला पालथा घातला. मला ओरडावंसं वाटलं. पण कागदाला स्वतःचं तोंड कुठलं? त्यावर जे लिहाल तेच तो बोलणार.

मंगळवारी संध्याकाळी नवरा कामावरून आला, हात धुतले आणि पेन घेऊन बसला. पेन्सिलीवरून शाई फिरवायची होती. ओळीओळीवर अंगठा ठेवून वाचायची त्याची सवय. अकराव्या ओळीवर अंगठा थांबला.

"इथं काय खोडलंस एवढं?"

"चुकलं होतं."

"चुकलं तर माणूस एकदा खोडतं. इथं कागदाची साल निघालीय."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच सदऱ्याची तिसऱ्यांदा घडी घालत होती. त्यानं रेडिओला शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"काय आहे?"

"डाव्या बाजूला," ती खाली बघत म्हणाली. "वाटाण्याएवढी होती." मग सदरा बाजूला ठेवून, "आता वाटाण्याएवढी नाही."

तेवढ्यात घंटी वाजली. विमेवाला. दोघांचे चेहरे बघून त्यानं विचारलं आणि नवऱ्याला सांगावं लागलं. विमेवाला आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टरांनी कुठे सांगितलंय अजून? मग आजार आहे असं म्हणायचं कुणी? 'नाही' राहू द्या, सही करा. पुढचं पुढे बघू."

खोटं कशाला बोलू, नवऱ्यालाही मोह झाला. पेनचं टोक माझ्या सहीच्या रेघेवर टेकलं. शाईचा एक ठिपका उमटला, पसरला. मला वाटलं, झालं.

मग त्यानं पेन उचललं.

"दादा, रोज संध्याकाळी मी एका कागदावर सही करतो. दोर तपासला, ब्रेक तपासला. त्या सहीच्या भरवशावर लोक चौदाव्या मजल्यावर जातात. न तपासता सही करायला मला शिकवू नका. उद्या आधी दवाखाना. विम्याचं नंतर."

"आणि परवाना हुकला तर?" हे विमेवाला नाही, ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मला आणि पोरीला परत पाठवणार? त्याचसाठी चार महिने तोंड दाबून बसले होते का मी?"

"परत गेलीस तर मी येऊन भेटेन गं," तो म्हणाला. "दुसरीकडेच गेलीस तर कुठं येऊ?"

ती खुर्चीत बसली आणि रडली. विमेवाला आपली बॅग छातीशी धरून उभा होता. घाईचा माणूस, पण त्या दिवशी त्याचा पाय निघेना.

पुढचे दिवस मी फ्रिजवर पडून होतो. दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली आणि अहवालाची वाट बघणं सुरू झालं. माणसांची एक गंमत आहे. जिवाला घोर लागला की ती भलत्याच गोष्टींवर बोलतात. नळ गळतोय, बूट घट्ट होतात, उद्या थंडी वाढेल. मला मात्र कुणी हात लावत नव्हतं.

"आई, आपण परत जाणार का?" एकदा रेडिओनं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तुम्ही दोघं हल्ली भांडतच नाही."

दुसऱ्या शुक्रवारी नवरा अहवाल घेऊन आला. सोबत तीही होती. परवान्याचे सात दिवस उरले होते. गाठ वाईट नव्हती. पण ठेवून देण्यासारखीही नव्हती. डॉक्टरीण म्हणाली होती, याच महिन्यात काढून टाका, वर्षभर थांबला असता तर आपण काही वेगळंच बोलत असतो. गाठ आता जुनं दुखणं ठरली, म्हणून ती काढायला विम्यातून एक छदाम मिळणार नव्हता. सरकारी दवाखान्यात स्वतःच्या खर्चानं करायचं ठरलं. तो म्हणाला, रविवारची कामं घेईन. ती म्हणाली, मीही शिवणाचं काम बघते.

मग तिनं मला फ्रिजवरून उतरवलं. छोटीच योजना घ्यायची होती. अकराव्या प्रश्नापुढे शाईनं 'हो' लिहिलं, शेजारी दोघांनी सह्या केल्या, अहवाल मागे टाचला. या खेपेला विमेवाला मला स्वतः कंपनीत घेऊन गेला.

तिथं मी एका चष्मेवाल्या बाईंच्या टेबलावर दोन दिवस होतो. त्यांनी मला तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्का उचलला, तेव्हा तो कुठला आहे हे मला दिसत नव्हतं. मग अंगावर थंडगार शाई बसली. मंजूर. तेवढी गाठ दोन वर्षं वगळून बाकी सगळं मान्य, हप्ता जरासा जास्त. परवान्याची मुदत संपायला दोन दिवस होते.

त्यानंतर मी त्या घरी कधी गेलो नाही. फायलीत माझ्या पाठीवर कागद चढत गेले, त्यांच्यावरून समजलं ते एवढंच. गाठ काढली. जखम भरली. दरवर्षी तपासणी होते आणि अहवालात एकच ओळ येते, काही आढळलं नाही. तिसऱ्या वर्षीच्या कागदावर तिच्या नावापुढे व्यवसाय लिहिलेला आहे, शिवणकाम. रेडिओचा हात मोडला, त्याचा खर्च मात्र विम्यानं दिला.

आता सात वर्षं झाली. जुन्या कागदांची मुदत संपली, उद्या आम्हाला कातरणाऱ्या यंत्रात घालणार आहेत. त्याचं दुःख नाही. जाता जाता एवढंच सांगतो. मला भरा, खरं भरा, पण माझ्यासाठी थांबू नका. मी फ्रिजवर कितीही दिवस पडून राहू शकतो. शरीराला ते जमत नाही.