खरी साखर

आमच्या घरात आई-बाबांचं भांडण एकच, साखरेचं. बाबांना मधुमेह. म्हणून आईने साखर घरातून हद्दपार केली आणि तिच्या डब्यात झायलिटॉल नावाची गोड पूड भरून ठेवली. पण बाबा घड्याळं दुरुस्त करतात. बारीक कामं गुपचूप करण्यात त्यांचा हात कोण धरणार?

त्या दुपारी आईने डब्यातली पूड घालून बिस्किटं भाजली आणि ओट्यावर निवत ठेवली. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा ताट जमिनीवर होतं. आमचा कुत्रा ढब्बू शेजारी मिशा चाटत बसला होता, जसं काही त्या गावचाच नाही.

याचं पोट बिघडेल का, एवढंच विचारायला मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. पूड झायलिटॉलची होती हे ऐकताच त्यांचा आवाज बदलला. "माणसांना चालते ती. कुत्र्यांना विष आहे! रक्तातली साखर झपकन उतरते, मग यकृतावर जातं. लगेच आणा त्याला."

आई गाडीची किल्ली शोधायला लागली. तेवढ्यात बाबा घसा खाकरत म्हणाले, "अगं, घाबरू नका. त्या डब्यात साखरच आहे. कधीपासून मीच भरतोय."

"म्हणजे चोर घरातच!" माझा जीव इतका भांड्यात पडला की हसू आवरेना. बाबाही हसले. ढब्बूने शेपटी हलवली.

आई हसली नाही. "मला कळलं होतं तुमचं," ती म्हणाली. "सकाळी मी डबा रिकामा करून परत पूडच भरली."

ढब्बू उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय फाकले. मग तो कुशीवर कोसळला.

फोन अजून चालूच होता. "निघा आधी!" डॉक्टर ओरडल्या. "वाटेत त्याच्या हिरड्यांना साखरेचं पाणी चोळत राहा. खरी साखर आहे ना घरात?"

बाबा कामाच्या टेबलाकडे धावले. खणात चिमट्यांच्या मागे लपवलेली पुडी त्यांनी काढली, उघडली आणि ते थबकले. बोटाने चाखून पाहिली. गोड होती. पण गोड तर दोन्ही.

"हीपण बदललीस का?"

"नाही!"

"खरं सांग. रागावणार नाही मी."

"अहो, या पुडीचा मला पत्ताच नव्हता!" आईला रडू फुटलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुडी वाटीत ओतली आणि पाणी घातलं.

गाडी मी चालवत होते. मागे ढब्बूचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि बाबा त्याच्या हिरड्यांवर बोट फिरवत होते. मध्येच त्याला झटका आला, अंग ताठ झालं. बाबांचा हात थांबला. आई खोटं बोलली असेल तर? त्यांच्या मनात हेच आलं असणार, कारण माझ्याही आलं. लाज वाटली, पण आलं. झटका ओसरल्यावर बाबांनी पुन्हा वाटीत बोट बुडवलं.

दवाखान्यात त्याला आतल्या खोलीत नेऊन सलाईन लावलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. "साखर वर येतेय. वाटेत दिलीत म्हणून इथवर पोचला. पण यकृताचं एवढ्यात सांगता येणार नाही. दोन-तीन दिवस धोका आहे."

त्या परत आत गेल्या आणि आम्ही बाकावर बसलो.

"अजून दोन पुड्या आहेत," बाबा खाली बघत म्हणाले. "भिंतीवरच्या घड्याळात."

एरवी आईने घर डोक्यावर घेतलं असतं. तिने फक्त त्यांची चिकट बोटं हातात धरली, आणि आम्ही तिघं त्या बंद दाराकडे बघत राहिलो.