सिनेमातला हिरवा चुडा

धामणटेकच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक निळी पाटी आहे. 'या गावात विधवा प्रथा बंद. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे यास मनाई.' पाटी लागली तेव्हा सरपंच हनुमंतरावांचा फोटो पेपरात आला, पेढे वाटले गेले, भाषणं झाली. सविताच्या बांगड्या मात्र आदल्या हिवाळ्यातच फुटल्या होत्या. पाटीला जरा उशीर झाला, एवढंच.

गेल्या माघात गावात सिनेमावाले उतरले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ती पाटी गोणपाटानं झाकली. सिनेमा इंग्रजी अमदानीतला. कुण्या जुन्या, नावाजलेल्या कादंबरीवरचा. तरुण विधवा आणि तिच्यावर जीव टाकणारा शाळामास्तर यांची गोष्ट. शेवटी सगळी भाऊबंदकी अंगावर घेऊन मास्तर तिच्याशी लग्न करतो म्हणे. अशा गोष्टीच्या मागं ही पाटी दिसून कशी चालेल? हनुमंतरावांनी स्वतः शिडीवर चढून गोणपाट बांधलं आणि खाली उतरून दिग्दर्शकाबरोबर फोटो काढून घेतला. फोटोची हौस माणसाला काय काय करायला लावते.

निम्मं गाव तेव्हा ऊसतोडीला गेलेलं. घरोघरी म्हातारी माणसं आणि कुलपं. एरवी सविताही गेली असती. नवरा अजिनाथ होता तोवर दोघांचा मिळून एक कोयता होता. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची. श्रीगोंद्याच्या बाजूला उसाची ट्रॉली उलटली, अजिनाथ खाली सापडला आणि कोयता अर्धा झाला. एकट्या बाईला मुकादम टोळीत घेत नाही. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या त्या दोघी, सविता आणि तिची सासू लंकाबाई.

लंकाबाई म्हणजे साधी असामी नव्हे. गावात कुणाचा नवरा गेला की त्या बाईच्या बांगड्या फोडायला पहिलं बोलावणं लंकाबाईला. तिचा स्वतःचा धनी, बिभीषण, ऐन तरुणपणी गेला तेव्हापासून हे काम तिच्याकडं आलं. आठवतंय तेव्हापासून सगळ्यांच्या बांगड्या तिनंच फोडल्या. पोटच्या पोराच्या प्रेताशेजारी बसून तिनं सुनेचे हात दगडावर धरले, तेव्हाही ती डगमगली नव्हती. पाटी लागल्यावर बोलावणी थांबली. तेव्हापासून ग्रामपंचायतीसमोरून जाताना म्हातारीनं कधी मान वर केली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सविताला पुन्हा लग्न करायचं होतं.

कल्याण राहुरीकडचा. स्वतःचा टेम्पो होता, धामणटेकचा कांदा भरून तो नगरच्या मार्केटला न्यायचा. पस्तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं. हल्ली टेम्पोवाल्याला मुलगी देतो कोण? कांद्याच्या गोण्या भरता भरता दोघांचं बोलणं सुरू झालं. त्यात चोरटं काही नव्हतं, पण गाव झोपलं नव्हतं आणि लंकाबाईचे डोळेही शाबूत होते. गुढीपाडव्याला आईला घेऊन येतो आणि लंकामावशींना रीतसर विचारतो, असं कल्याणनं कबूल केलं होतं. सविता पाडव्याची वाट बघत होती. त्या घरात वाट बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

सिनेमातल्या त्या एका प्रसंगावर सगळं गाडं अडलं. नायिकेचा नवरा गेलाय, बाया तिच्या बांगड्या फोडताहेत. नायिका झालेली नटी मुंबईची, खरंच नुकतंच लग्न झालेली. रडायचं सगळं रडली, पण बांगड्या फोडायची वेळ आली तेव्हा तिची आई मधे पडली. "माझ्या मुलीच्या हातातली काच नाही फोडू देणार." इंग्रजी शिकलेली बाई, पण तिथं ती आणि धामणटेकची कुठलीही बाई एकच. सासूचं काम करणाऱ्या नटीनंही हात वर केले. मग ठरलं की तोंड नायिकेचं दाखवायचं आणि हात दुसऱ्या कुणाचे तरी. गावातली एकही सवाशीण तयार होईना. हात तरुण हवेत, पण बाई विधवा हवी. हनुमंतरावांनी बोट दाखवलं ते सविताच्या घराकडं. फोडणारे हातही त्याच घरात मिळत होते, हा आणखी फायदा.

"तिच्या काय फुटायच्या राहिल्यात व्हय आता?" लंकाबाई म्हणाली. "न्हेऊ द्या. मी बी येते."

सविता नाही म्हणाली नाही. खरं सांगायचं तर तिला त्या बांगड्या पुन्हा हातात घालायच्या होत्या. फोडायला का होईना. इतकी साधी हाव होती तिची, आणि तिला त्याची लाजही वाटत होती.

बांगड्या भरायला पाथर्डीची बनुबाई कासारीण आणली होती. नदीकाठच्या वडाखाली तिनं पेटी उघडली. लोकांचा गराडा लांब उभा होता, जनरेटर घेऊन आलेला कल्याणचा टेम्पोही तिथंच होता. सविताला जुन्या वळणाचं नऊवारी लुगडं नेसवलेलं, कपाळावर आडवं कुंकू लावलेलं. मागं लंकाबाई गुडघ्याला मिठी मारून बसलेली. बनुबाईनं सविताचा हात हातात घेतला, बोटं दाबून मऊ केली आणि थांबली.

"नाव घे बाय."

आमच्या भागात हिरवा चुडा नावाशिवाय भरत नाहीत. लग्नात असो, डोहाळजेवणात असो, पहिली बांगडी मनगटात सरकायच्या आधी ज्याच्या नावाची ती भरायची त्याचं नाव बाई तोंडानं घेते. तो चुडा मग त्याचा. तो वाढला, म्हणजे फुटला, तर त्याच्या जिवाला धोका, तो टिकला तर त्याचं आयुष्य. लहानपणापासून हे ऐकलेलं असतं, त्याला पुरावा कुणी मागत नाही.

"आवं मावशी, पिच्चर हाय ह्यो," सविता हसून म्हणाली.

"पिच्चर तुमचा. बांगडी माझी हाय. माझ्या सासूनं बी नावाबिगर भरली न्हाई, मी न्हाई भरायची. आन् मेल्याचं नाव घेऊ नगं, हिरव्याला ते चालत न्हाई."

दिग्दर्शकाच्या हाताखालची पोरगी घाईला आली होती. "अहो ताई, कथेतल्या नवऱ्याचं घ्या ना. दाजीसाहेब म्हणा आणि मोकळ्या व्हा."

तेवढं तिनं म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. 'दाजीसाहेब' हा शब्द सविताच्या ओठापर्यंत आलाही होता. पण समोर हिरवीगार काच होती, बनुबाईच्या ऊबदार हातात तिचा हात होता, आणि लांब टेम्पोला टेकून तो उभा होता. पाडवा आला तरी आत्या, म्हणजे सासू, हो म्हणेल याचा भरवसा नव्हता. एकदा, फक्त एकदा, त्याच्या नावाचा चुडा हातात असावा असं तिला फार वाटलं. त्या क्षणी तो पुढं फुटायचा आहे हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

"कल्याणरावांचं," ती हळूच म्हणाली.

बनुबाईनं वर पाहिलं. मग पहिली बांगडी सरकवली. दोन्ही हात भरून झाल्यावर तिनं नेहमीच्या सवयीनं सविताच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. सविता मनगटं वळवून वळवून बघत राहिली. बांगड्या किणकिणल्या तेव्हा तिनं मान वर केली. कल्याण तिच्याकडेच बघत होता आणि हसत होता. त्याला काय माहीत.

मग तिनं मागं पाहिलं. लंकाबाई तिच्याकडं बघत नव्हती. तिची नजर टेम्पोवर होती.

 या बांगड्या फुटायच्या आहेत, हे सविताला आता आठवलं. ती उठून त्या पोरीकडं गेली. "ताई, ह्या काढून दुसऱ्या भरू द्या. ह्या मला घट व्हत्यात." पोरगी म्हणाली, कॅमेरा लागलाय, ऊन उतरतंय, आता नाही. बनुबाईनं तोंड उघडलं, पण तिला बाजूला सारून पेटीसकट चौकटीबाहेर नेण्यात आलं. दगड मांडला गेला. लंकाबाई येऊन समोर बसली.

"आत्या," सविता कुजबुजली, "हळू. अंगाला लागू नका देऊ. खोटंच मारा."

लंकाबाईनं तिची मनगटं धरली. त्या हातांची पकड सविताला ठाऊक होती. क्षणभर दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि म्हातारीनं सगळं ऐकलंय हे सविताला कळलं. तिनं हात मागं ओढले. ते हिसडणं कॅमेऱ्यात फार छान आलं, असं नंतर सगळे म्हणाले.

लंकाबाईनं एका दमात दोन्ही हात दगडावर आपटले. काच उडाली. एकही बांगडी शिल्लक राहिली नाही. सविता ओरडली ते नाटक नव्हतं. दिग्दर्शक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला, मग बाकीच्यांनीही वाजवल्या. एकदाच घेतलं आणि पास झालं!

डाव्या मनगटातून रक्त वाहत होतं. कल्याण टेम्पोतली औषधाची डबी घेऊन पळत आला आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरून कापूस दाबायला लागला.

"धर," लंकाबाई म्हणाली. "तुझ्याच नावाचा हुता. इचार कासारनीला."

"काय, मावशी?"

"चुडा. तुझं नाव घिऊन भरला हिनं. आन् फुटला."

कल्याण आधी हसला. मग त्यानं सविताच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. वडाखाली बनुबाई पेटीवर हात ठेवून खाली मान घालून बसली होती. त्यानं पट्टी नीट बांधली, गाठ मारली आणि डबी उचलून टेम्पोकडं गेला.

दिवेलागणीला चुलीपाशी बसून सवितानं विचारलं, "तुमी ऐकलं हुतं. मंग का?"

लंकाबाई भाकरी थापत राहिली. थापलेली तव्यावर टाकून म्हणाली, "तू गेल्यावर माझं कोन हाय?"

सविताला तिचा इतका राग आला की तव्यावरची भाकरी उचलून अंगणात फेकावीशी वाटली. फेकली नाही. दोघींना भाकरी तेवढ्याच होत्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कल्याणचा फोन आला. आधी कांद्याच्या भावाचं बोलला. मग म्हणाला, "आईच्या कानावर गेलं. न्हाई म्हन्ती ती."

"आन् तुमी?"

"मी न्हाई मानत आसलं काय. पर करंजी घाटात गाडी घातली की ते ध्यानात येतं बघ. उतारावर पाय आपसूक ब्रेकवर जातो. तू म्हनशील तर येतो मी. आईचं म्हननं गुंडाळून ठिवतो. तू फकस्त ये म्हन."

सविता पडवीत उभी होती. मनगटावरची जखम भरली होती, खपली धरून खाजत होती. 'या', एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. पण तिच्या डोळ्यांपुढं ट्रॉली आली, उसाखालून बाहेर आलेले अजिनाथचे पाय आले, आणि आता घाटातला तो टेम्पो. तो येईल, संसार मांडेल, आणि रोज संध्याकाळी त्याची गाडी दिसेपर्यंत आपण मरत राहू. खरंच काही झालं तर ते आपल्याच तोंडानं घेतलेल्या नावामुळं झालेलं असेल. तिचा त्या गोष्टीवर विश्वास होता. नसता तर तिनं ते नाव तरी कशाला घेतलं असतं?

"गाडी हळू चालवत जावा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी सिनेमा लागला. गावानं मदत केली म्हणून देवळापुढं पडदा लावून फुकट दाखवला. टोळ्या अजून उसाला जायच्या होत्या, म्हणून सगळं गाव भरलेलं. निळ्या पाटीवरचं गोणपाट मधल्या काळात वाऱ्यानंच गेलं होतं. सविता आणि लंकाबाई एका पोत्यावर शेजारी बसल्या.

पडद्यावर ते हात आले, भिंतीएवढे मोठे. "आरं, लंकाबाईचा हात!" पोरं ओरडली, शिट्ट्या झाल्या. काच उडाली. लगेच नायिकेचं रडणारं तोंड आलं. सविताचं ओरडणंही नायिकेच्याच तोंडी बसवलेलं होतं.

शेवट गोड होता. शाळामास्तर नदीच्या घाटावर नायिकेपुढं बसतो आणि आपल्या हातानं तिला हिरव्या बांगड्या भरतो. बाया पदर डोळ्याला लावून मुसमुसत होत्या. सवितानं शेजारी पाहिलं. लंकाबाई रडत होती. खरं, अगदी आतून, नाक ओढत रडत होती. पोराच्या प्रेतापाशीही ती इतकी रडली नव्हती.

"लई सोसलं गं पोरीनं," ती म्हणाली. "झालं बया एकदाचं चांगलं."

  पडदा पांढरा झाला, लोक उठले. लंकाबाईला अंधारात नीट दिसत नव्हतं. तिनं चाचपडत हात पुढं केला आणि आधारासाठी सुनेचं डावं मनगट धरलं. पकड तीच होती. या वेळी सवितानं हात ओढला नाही. म्हातारीला ठेच लागू नये म्हणून वाटेतले दगड सांगत सांगत ती तिला घरी घेऊन गेली.