बाराचा फोटो

रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तौनो कोइवुला नावाच्या फाट्यावरच्या खांबाखाली उभा असायचा. थंडी उणे पाच असो की उणे पंचवीस. अंगात जाड कोट, डोक्यावर बायकोने विणलेली लाल टोपी, आणि चेहरा असा, की म्हातारा बसची वाट बघतोय. त्या फाट्यावरची बस बंद होऊन सहा वर्षं झाली होती, ती गोष्ट वेगळी.

खांबावर रस्ते खात्याचा कॅमेरा होता. बर्फ किती साचलाय, रस्ता निसरडा आहे का, हे कळावं म्हणून तो दर पंधरा मिनिटांनी एक फोटो काढायचा, आणि तो इंटरनेटवर कुणालाही बघता यायचा. तिथे उभं राहायची युक्ती यार्क्कोची, तौनोच्या मुलाची. तो म्युनिकला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आधी त्याने बापाला कॉम्प्युटरच घेऊन दिला होता, वर बसवायच्या कॅमेऱ्यासकट. पण गावातली लाइन इतकी रडकी, की पडद्यावर पोराचं कपाळ यायचं, डोळे यायचे, आणि नाकापाशी सगळं अडकून बसायचं. आठ दिवसांत तौनोने त्यावर चादर टाकली. मग यार्क्को म्हणाला, तुम्ही रविवारी बाराला फाट्यावर उभे राहा, मी इथून बघत जाईन. तेवढंच चालणंही होईल.

चालणं म्हणजे जाऊन-येऊन पाच किलोमीटर. दोन हजार तीन सालापासून दोन वर्षं एकही रविवार चुकला नव्हता. घड्याळावर भरवसा नको म्हणून तौनो पाच मिनिटं आधी येऊन उभा राहायचा आणि पाच मिनिटं उशिरा निघायचा. हात मात्र त्याने कधी हलवला नाही. भर रस्त्यात खांबाला हात करायचा म्हणजे येणारेजाणारे काय म्हणतील? आता तिथे येत-जात कोण होतं म्हणा! संध्याकाळी मोबाइलवर यार्क्कोचा फोन यायचा. पाहिलं हं बाबा, म्हणायचा. मग हवापाणी, मग ठेवू का. तौनोला तेवढं पुरायचं. खरं सांगायचं तर पुरायचं नाही, पण आठवडा निघायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दारातल्या पायरीवर त्याचा पाय सटकला आणि घोटा टम्म सुजला. बारा वाजले तेव्हा तो स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर टाकून बसला होता, मोबाइल समोर टेबलावर. आपण होऊन फोन करायचा नाही, पोराला उगाच घोर नको, असं त्याने ठरवलं. पण पोटातली गोष्ट निराळी होती. फोटोत बाप नाही म्हटल्यावर यार्क्को किती वेळात फोन करतो, ते त्याला बघायचं होतं. पाच मिनिटं? दहा?

साडेबारा झाले. एक झाला. कॉफी गार होऊन गेली. दोनच्या सुमाराला बाहेर घरघर झाली, आणि रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी थेट अंगणात शिरली. गाडी चालवणारा रेयो बूटसुद्धा न झाडता आत आला.

"तौनोकाका, धड आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? पाय मुरगळलाय. तुला कुणी सांगितलं?"

रेयो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. त्याला ओउलू शहरातल्या रस्ते खात्याच्या कंट्रोल रूममधून फोन आला होता. रस्त्यांवरचे सगळे कॅमेरे बघत बसणारी एक बाई आहे तिथे, रविवारची ड्यूटी कायम तिच्याच गळ्यात.

"म्हणाली, कोइवुला फाट्यावरचे लाल टोपीवाले आज आले नाहीत. बाराच्या फोटोत नाहीत, सव्वाबाराच्याही नाहीत. तुमचं घर कुठलं ते विचारायला तिने माझ्याआधी तीन जणांना फोन लावले, काका."

तौनोने पाय पुढे केला. रेयोने त्याचा घोटा घट्ट बांधून दिला, चुलीत दोन लाकडं सारली आणि तो गेला.

सहाला मोबाइल वाजला.

"पाहिलं हं बाबा," यार्क्को म्हणाला. "बर्फात टोपी काय उठून दिसत होती!"

तौनोने घोट्यावरच्या पट्टीकडे बघितलं. आजचाच एक रविवार, की दोन वर्षांतले सगळे? विचारलं असतं तर पोरगा उघडा पडला असता, आणि मग शरमेने त्याने फोन करणंही सोडलं असतं. हा एक फोन गेला, तर आठवडाभर घरात माणसाचा आवाज येणार नव्हता.

"हो," तौनो म्हणाला. "ऊन होतं ना आज."

मग हवापाणी झालं. फोन ठेवल्यावर तो तिथेच बसून रडला. बायको गेली तेव्हाही इतका रडला नव्हता.

घोटा बरा व्हायला आणखी दोन रविवार गेले. त्या दोन्ही रविवारी यार्क्कोने त्याला फाट्यावर पाहिलं.

तिसऱ्या रविवारी तौनो काठी टेकत टेकत निघाला आणि बाराला पाच कमी असताना खांबाखाली जाऊन उभा राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने लाल टोपी काढून हातात घेतली, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात हलवला. घड्याळावर भरवसा नको म्हणून तो बारा वाजून पाच मिनिटं होईपर्यंत हलवतच राहिला.