चौदा नंबरची आई

चौदा नंबरच्या फांदीपाशी एवेलियो ओबांदो सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता. लाल फीत होती, फांदी होती, फांदीवर एक हिरवट टोक होतं. ते टोक किडा आहे की काटा, एवढंच त्याला दिसत नव्हतं.

काटेकिड्याचा धंदाच मुळी तो. पाठीवर हुबेहूब काटा घेऊन काटेरी झाडावर बसायचं आणि पाखरांना बनवायचं. मादी तर अंडी घातली की आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही. ग्वानाकास्ते प्रांतातल्या या रानात विलायती चिंचेच्या फांद्यांवर बसलेल्या अशा आया रोज शोधायच्या आणि वहीत 'आई जागेवर' असं लिहायचं, हे एवेलियोचं काम. एकोणीस वर्षांचं. संशोधन केंद्रात आदराने 'डॉन' लावून म्हणत, पाखराला दिसत नाही ते डॉन एवेलियोला दिसतं.

गेली दोन वर्षं त्यालाही दिसेनासं झालं होतं. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. त्यामुळे ती फक्त बायकोलाच ठाऊक होती.

"कॉफीत मीठ घातलंत," मारिएलोस सकाळी म्हणाली होती.

"चव बदलून बघितली."

"आणि शर्ट उलटा घातलाय तो?"

"वारा खेळतो."

"डोळे दाखवून या एकदा."

"मग मोजणी कोण करणार?"

"करेल दुसरं कुणीतरी."

"तेच तर," म्हणून तो घरातून निघाला होता.

चौदा नंबरची आई वहीत सलग त्रेपन्न दिवस जागेवर होती. तिच्या बरोबरीच्या आयांची पिल्लं मोठी होऊन उडूनही गेली, ही आपली अंड्यांवर बसलेली. राजधानीत केंद्राच्या प्रमुख सोलोर्सानोबाईंनी वह्या वाचल्या आणि त्यांची झोप उडाली. अशी आई जगात कुठे नोंदलेली नाही, म्हणाल्या. आज दहा वाजता त्या स्वतः येत होत्या.

एवेलियोने फांदी दोन बोटांत धरली. मोडली असती तर वाऱ्यावर ढकलता आलं असतं, आणि उन्हाळ्यातला इथला वारा कुठलाही आरोप अंगावर घेतो. त्याने फांदी सोडली. परत धरली. एवढ्यात गाडी वाजली.

"कुठाय आपली वीरमाता?" बाई उतरता उतरताच म्हणाल्या.

"आधी नऊ नंबर बघू या."

"नऊमध्ये काय आहे?"

"चौदापासून लांब आहे."

बाई हसल्या. तो हसला नाही, तशा थांबल्या.

"बाई, चौदा नंबरची आई काटा आहे."

"कधीपासून?"

"काटा? जन्मापासून."

"आणि तुमच्या डोळ्यांचं हे?"

"दोन वर्षं."

बाईंनी भिंगातून चौदा नंबर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "बाकीच्या फांद्या?"

"खऱ्या आहेत."

"कशावरून?"

तो नऊ नंबरपाशी गेला, वाकला, आणि फांदीचं टोक अलगद दातांत धरून उभा राहिला. गांधीलमाशी जवळ आली की पिल्लं एकदम अंग हलवून आईला हाक मारतात. ती थरथर फांदीतून जाते; कानाला ऐकू येत नाही, दाताला कळते.

"घाबरलीत," तो म्हणाला. "आई बुडाशी आहे. पिल्लं वीसेक."

बाईंनी भिंग लावलं. "बावीस."

"दोन लाजाळू असतील. चौदाला दात लावला नाही मी. भीती वाटली."

बाईंनी वही उघडली. दोन वर्षांची पानं चाळली, मिटली. "वहीत दातांचा रकाना नाही, डॉन एवेलियो."

"ठाऊक आहे."

"ऑपरेशनचं मी बघते. साधं असतं."

"आणि मोजणी?"

बाई झाडांकडे बघत राहिल्या. तो समजला. गळ्यातलं भिंग काढून त्याने त्यांच्या हातात दिलं आणि चौदा नंबरची फीत सोडायला घेतली. गाठ त्रेपन्न दिवसांची होती. बाई पुढे झाल्या.

"राहू द्या," तो म्हणाला.

गाठ सुटता सुटता काटा बोटात गेला. फितीची घडी करून तो ती खिशात ठेवायला गेला, पण शर्ट उलटा होता, खिसा सापडेना. मग ती मुठीत धरून तो बाईंच्या पुढे चालू लागला. वाट त्याला पाठ होती.