चार नंबरच्या ट्रेच्या कळ्या

"चारच नंबर का? बाकीच्या अकरा ट्रेंचं मी काय घोडं मारलंय?" शमिका मॅडम कागदावर पेन आपटत होत्या.

रोपांना पाणी घालणाऱ्या बकुळाचा हात थबकला.

रत्नागिरीजवळच्या या काचघरात ती तीन वर्षं कामाला होती. रोपं तंबाखूच्या कुळातली. फुरसं या सापाच्या विषावरच्या औषधाचं जनुक घेतलेले जिवाणू पानांत सोडायचे, की पान आठवडाभर ते औषधाचं प्रथिन बनवत बसतं. बनवतं, पण चिमूटभर! ते वाढवायला मॅडम दोन वर्षं डोकं फोडत होत्या. बकुळालाही त्याचं भारी कुतूहल. तिचा भाऊ सदू फुरसं चावूनच गेला. देवरूखच्या दवाखान्यात पोचेपर्यंतही टिकला नाही. औषध पानात नेमकं कुठे तयार होतं ते दिसावं म्हणून ती गळलेलं पान उजेडाला धरून बघायची.

आणि आता चार नंबरच्या ट्रेत प्रथिन दीडपट आलं होतं.

"तिथला दिवा नवा आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचाच प्रताप. सगळे दिवे बदलू या."

बकुळाने पाण्याची झारी खाली ठेवली. गप्प राहिलं तर काम शाबूत. पण मग बसा वर्षभर दिव्यांच्या मागे!

"दिवा नाय हो मॅडम," ती बोलून गेली. "मी कळ्या खुडल्या त्याच्या."

"काय?"

"पाणी घालता घालता हात गेला. पानं भरून यावीत म्हणून तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो ना, तसा. एक ट्रे झाला नि ध्यानात आलं, रोपाला हात लावायचा नाय. घाबरून गप बसले."

मॅडम आधी हसल्याच, मग त्यांचा चेहरा पडला. "मावशी, हे आकडे आता बाद. आणि मला वर कळवावं लागेल."

"कळवा. पण खुडून बघा."

वरून हुकूम आला, बकुळाने काचघरात पाऊल टाकायचं नाही. तिला बाहेर कुंड्या धुवायला बसवलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. तीन वर्षं वाढवलेली रोपं काचेपलीकडून बघायची म्हणजे काय!

पुढच्या खेपेला मॅडमनी सहा ट्रे खुडायला घेतले, सहा तसेच ठेवले. बकुळा कुंड्या घासता घासता बघत होती. कळीबरोबर मॅडम कोवळी पानंही ओरबाडत होत्या. तिला राहवेना. ओल्या हाताने तिने काचेवर टकटक केलं. मॅडम वळल्या. बकुळाने अंगठा नि बोट जुळवून हलकेच मुरड घालून दाखवली.

मॅडमनी तसंच केलं, आणि खुडलेली कळी काचेजवळ आणून धरली. बकुळाने ती नीट निरखली आणि मान हलवली. बरोबर. आता पुढची घे.