आधी ड्रम

माझ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत या पोरांनी वर्षानुवर्षं धिंगाणा घातला. मेटल म्हणतात त्याला. इकडे माझी यंत्रं घरघरणार, तिकडे बोका बोंबलणार. बोका म्हणजे त्यांचा गायक. नाव आवाजावरून पडलं आणि शोभतंही. गिटारवर लंबू आणि ड्रमवर आमचे चिरंजीव. गिऱ्हाइकं विचारायची, मागे कुणाला मारताय का? मी म्हणायची, नाही हो, अजून तरी नाही.

आता त्यांचा पहिला अल्बम आलाय आणि जिकडेतिकडे त्याचंच नाव आहे. पेपरात छापून आलं, मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. हे बघायला माझा पोरगा नाही. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता हातचा गेला.

अल्बम करायची यांची एक रीत असते. आधी नुसते ड्रम वाजवून घ्यायचे, मग त्यावर गिटार, शेवटी गाणं. त्याने आपलं काम उरकलं आणि गेला. बाकीच्यांनी मागाहून त्याच्या ड्रमवर आपलं वाजवलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण इस्त्री करता करता मी तो अल्बम रोज ऐकते. जीव ओतलाय पोरांनी. शेवटच्या गाण्यात मध्येच ड्रम थबकतो, गिटार थबकते, बोक्याचाही श्वास अडकतो आणि मग सगळं एकदम कोसळतं. त्या जागेचं पेपरवाल्यांना कोण कौतुक! म्हणे काय धाडस, काय शांतता. धाडस कसलं डोंबलाचं. लंबूने मला खरं सांगितलं. त्या दिवशी पोराच्या अंगात कणकण होती, ताल चुकला. उद्या पुन्हा वाजवतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलाच नाही. चूक संगणकावर सहज पुसता आली असती, पण यांचा हात धजेना. मग ज्याने त्याने आपलं वाजवणं तिथे थांबवलं. हे ऐकून मला रडू आवरेना.

काल दुपारी सगळे आले. कार्यक्रमासाठी नवी ड्रमवाली शोधली होती, एवढीशी पोरगी. काकू, तुम्ही हो म्हणालात तरच, असं बोका मान खाली घालून म्हणाला. त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नव्हतं. नाही म्हणायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तरी म्हटलं, वाजवून तर दाखवा.

त्यांनी नेमकं शेवटचंच गाणं घेतलं. पोरीचा हात सफाईदार. ती जागा आली आणि ती थबकली, अगदी तो थबकला होता तशीच. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"चुकलं का, काकू?" तिने घाबरत विचारलं.

"नाही गं. हुबेहूब त्याच्यासारखं वाजवलंस. पण ते वाजवणं नव्हे, तो त्याचा ताप आहे. तू धडधाकट आहेस. तू नीट वाजव."

लंबू म्हणायला लागला की लोक त्या जागेसाठीच तर गाणं ऐकतात. मी त्याला गप्प बसवलं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ती जागा आली आणि गेली. गाणं चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. हीच बसू दे, असं सांगून मी चादरींच्या घड्या घालायला बाहेर आले. मागे पुन्हा ड्रम सुरू झाले. माझ्या पोरासाठी आता कुणी थांबणार नव्हतं, आणि तसं मीच सांगून आले होते.